भाकरीच्या दुरडीखालचा कॉम्प्युटर

गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

चाळीस शब्द कापले. पाचला मजकूर पाठवला, सव्वापाचला अभिरामचा फोन – "मॅडम, खालच्या कोपऱ्यात जाहिरात आली. चाळीस शब्द उडवा ना, प्लीज. दहा मिनिटांत पान सोडायचंय." आठ मिनिटांत दिले. हात अजून बसलेला आहे म्हणायचा!

हा अभिराम पुरवणीचं पान बघतो. वय एकोणतीस. त्याच्या आधीच्या चार जणांनीही मला असेच ऐनवेळी फोन केले. सदराला चौदा वर्षं झाली, त्यातली शेवटची दोन निवृत्तीनंतरची. एवढ्या वर्षांत मजकूर एकदाही उशिरा गेलेला नाही.

विषय मजेचा होता – तीस हजारांत गेमिंग कॉम्प्युटर. कंपन्यांतून निघालेला जुना, धडधाकट ऑफिस कॉम्प्युटर घ्यायचा. त्यात एसएसडी टाकायची आणि वेगळी वायर न लागणारं एक साधं ग्राफिक्स कार्ड. रॅमचे भाव सध्या चढलेत, म्हणून जुनी रॅम तशीच ठेवायची. झालं.

विलास म्हणाला, "अठ्ठावन्न वर्षांची बाई पोरांना गेम खेळायला शिकवते." म्हटलं, खेळायला नाही, मशीन घ्यायला. खेळणं त्यांना येतं. तो नुसता हसला. चौदा वर्षं माझ्या सदराची एवढीच समीक्षा तो करत आलाय.


शनिवार, ८ नोव्हेंबर

छापून आलं. जाहिरात गाद्यांची निघाली.

दुपारपर्यंत एकोणीस मेसेज. एकाने विचारलंय – लॅपटॉपवर चहा सांडला, तांदळात ठेवतोय, किती किलो घेऊ? वाशीच्या एका आजोबांचं वाय-फाय फक्त बाथरूममध्ये येतं, ते तिथेच स्टूल टाकून बसतात. त्यांना राउटर कपाटातून बाहेर काढायला सांगितलं. संध्याकाळी उत्तर आलं – "आता हॉलमध्ये बसतो. सून खूश आहे."

असं काही आलं की वाटतं, आणखी चौदा वर्षं लिहीन.


मंगळवार, ११ नोव्हेंबर

सकाळी दहाला अनोळखी नंबर. क्रांती नावाची मुलगी, घणसोली गावातून बोलत होती. ऐरोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर काम करते. लॅबमध्ये आमचा पेपर येतो.

"मॅडम, कार्ड बसतच नाहीये."

"बसत नाही म्हणजे?"

"उंच आहे. कॅबिनेटच्या बाहेर येतंय, झाकण लागत नाही. तुम्ही लिहिलं तसंच घेतलं हां सगळं. दुकानात कात्रण घेऊन गेले होते."

फोटो मागवला. स्लिम कॅबिनेट! ऑफिसात मॉनिटरखाली आडवं ठेवतात ते, पाटाएवढ्या जाडीचं. त्यात मोठं कार्ड मावणार कसं?

"बघते, सांगते," म्हणाले आणि फोन ठेवला. मग मूळ मजकूर उघडला. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात माझंच वाक्य – 'मात्र घेताना उभा, रुंद टॉवरच पाहा; स्लिम कॅबिनेटमध्ये नेहमीच्या उंचीचं कार्ड मावत नाही.'

दोन विशेषणं, एक विनोद आणि हे वाक्य. हेच ते चाळीस शब्द.

आठ मिनिटांत. केवढी खूश झाले होते!


बुधवार, १२ नोव्हेंबर

अभिरामला म्हटलं, शनिवारी दुरुस्ती छापू. तो म्हणाला, "मॅडम, दुरुस्ती कशाची? छापलंय त्यात चुकीचं काहीच नाही. जे छापलंच नाही त्याची दुरुस्ती कशी देणार?" बोलण्यात चतुर आहे. आणि नियमाने बोलायचं तर त्याचंच बरोबर आहे. दुरुस्तीची चौकट मागायचा नाद सोडला. सदराची पहिली चार वाक्यं तर माझीच असतात, त्यांत लिहीन.

मग क्रांतीला फोन केला आणि खरं ते सांगून टाकलं – वाक्य होतं, जागेसाठी मी कापलं.

ती म्हणाली, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"दुकानवाला परत घेत नाहीये मॅडम. आणि माझ्याकडे टाइम नाही. दहा डिसेंबरला बाबांची परीक्षा आहे."

मला वाटलं, ऐकण्यात काहीतरी चुकलं. गेमिंग कॉम्प्युटर – बाबांसाठी?

"तुम्ही घरीच या ना. फोनवर नाही सांगता येणार."


गुरुवार, १३ नोव्हेंबर

सदर सकाळीच पाठवून टाकलं आणि घणसोलीला गेले. स्टेशनच्या एका अंगाला बावीस मजले, दुसऱ्या अंगाला गाव. गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने दारात शिरायचं. क्रांती किराणा दुकानापाशी घ्यायला आली. सव्वीस-सत्तावीसची, गळ्यात अजून लॅबचं ओळखपत्र. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, भाड्याच्या. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली मोठा टीव्ही, टीव्हीपुढे उघडा पडलेला कॉम्प्युटर.

आणि खुर्चीत शिवराम. वय त्रेपन्न. मूळचे जालन्याकडचे. जासईजवळच्या एका कंटेनर यार्डात एकवीस वर्षं क्रेन चालवतात. टायरवर चालणारी ती उंच क्रेन, पाच-सहा मजल्यांवर काचेची केबिन. केबिनमध्ये दोन हातांना दोन दांडे. उजव्याने डबा वर-खाली, डाव्याने पुढे-मागे. कंटेनरला ते डबाच म्हणतात.

मार्चमध्ये अर्धांगवायूचा हलका झटका आला. चालणं सुधारलं, बोलणं सुधारलं, डावा हात मागे राहिला. डॉक्टरांनी आता फिट म्हणून लिहून दिलंय. पण यार्डाचा नियम असा की, आजारपणानंतर सिम्युलेटरवर परीक्षा. पास झाले तर पुन्हा वर. नापास झाले तर गेटवर ट्रकचे कागद तपासायचे, निवृत्तीपर्यंत.

क्रांतीने कुठेतरी वाचलं, बंदरातल्या क्रेनचा गेम मिळतो आणि जॉयस्टिक जोडता येतात. घरच्या मोबाइलवर तो चालेना, म्हणून कॉम्प्युटर. म्हणून माझं कात्रण.

शिवराम माझ्याकडे न बघताच म्हणाले, "खेळण्यावर क्रेन येत नसते मॅडम. हिला सांगून दमलो."

"खेळण्यावर काय येतं न काय न्हाई ते मागून बगू," क्रांतीची आई चांगुणाबाई आतून म्हणाल्या. "आदी चालू तर हू द्या. आठ म्हैने झाले, ह्यो मानूस खिडकीतून दुसऱ्याच्या क्रेना मोजतोय."

"इथून क्रेन दिसतात?" मी विचारलं.

"बिल्डिंगीच्या दिसत्यात. त्याबी मोजतेत."

शिवराम हसले. उजव्या गालाने जास्त.

मी पदर खोचला. स्क्रू-ड्रायव्हर पर्समध्ये असतोच. कार्ड वेगळी वायर न लागणारं होतं, तेवढं मी नीट छापलं होतं! कार्डाच्या टोकाला लोखंडी पट्टी असते, तिचे दोन स्क्रू काढले, पट्टी बाजूला केली आणि कार्ड खाचेत दाबलं. बसलं! फक्त कॅबिनेटच्या वर चार बोटं उभं राहिलं. केबलच्या वजनाने कलू नये म्हणून सुतळीने बांधलं. चालू केलं. पंखे फिरले, टीव्हीवर चित्र आलं.

क्रांती ओरडली, "आईशप्पथ!"

प्रश्न झाकणाचा उरला. ते लागणारच नव्हतं, आणि उघडं ठेवलं तर धूळ, झुरळं, वरून सांडलेला चहा.

चांगुणाबाईंनी थोडा वेळ न्याहाळलं. मग आत गेल्या आणि भाकरीची दुरडी घेऊन आल्या. बांबूची, जुनी, काळपट झालेली. कॅबिनेटवर पालथी घातली. बरोब्बर बसली. विणीतून हवा खेळते, वरून काही पडत नाही.

"गरम होईल का ह्याच्यात?"

"नाही," मी म्हटलं. "दुकानातल्या कॅबिनेटला एवढी भोकं नसतात."

"मंग भाकरी कशात ठिवू?" हे त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"डब्यात ठेव," शिवराम म्हणाले. "एकवीस वर्षं डब्यावरच जेवलो."

निघताना मी त्यांची माफी मागितली. वाक्य कापल्याची. त्यांनी पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं. "आमच्यातबी असं होतं मॅडम. खाली ट्रकची लाइन लागली की वायरलेसवर ओरडतात, जल्दी करो. पण जल्दीत हात एकदा चुकला तरी पुरे."

बोलण्यात राग नव्हता. तरी मला लागलं.


शनिवार, १५ नोव्हेंबर

सदर आलं. पहिली चार वाक्यं चुकीची कबुली देणारी. अभिरामने एक शब्दही बदलला नाही. रात्री मेसेज – "बरं झालं मॅडम. अजून दोघांनी स्लिम घेतलंय, डेस्कवर फोन आले."

त्या दोघांना पट्टी काढायची युक्ती सांगितली. एकाच्या घरी दुरडी नव्हती. त्याने वर भाजीची जाळी घातलीय.


सोमवार, १७ नोव्हेंबर

क्रांतीचा फोन, लॅबच्या जेवणाच्या सुट्टीत. दोन्ही जॉयस्टिक एकाच कंपनीच्या, त्यामुळे कॉम्प्युटर बंद करून चालू केला की डावी उजवी होते आणि उजवी डावी. बाबा डबा उचलायला गेले आणि क्रेन समुद्राकडे निघाली! चांगुणाबाई म्हणाल्या, "पाण्यात पाडा आता. मासे तरी मिळतील."

डाव्या जॉयस्टिकच्या वायरीला आणि तिच्या खाचेला नेलपॉलिशचा ठिपका लावायला सांगितला. कायम तीच वायर तिथेच, आणि तीच आधी जोडायची. चाललं.

पण मुख्य बातमी वेगळीच. शिवराम बसले! आधी दहा मिनिटं, मग तासभर. "यांना खरी क्रेन माहीत नाही, दोर फार लवकर थांबतो," अशा गेमच्या चुका काढत बसले होते म्हणे.

चुका काढायला लागला म्हणजे माणूस रमला. माझा अनुभव आहे.


बुधवार, १९ नोव्हेंबर

आजचा प्रश्न – 'माझा माऊस उलटा चालतो. मी डावरा आहे म्हणून का?' नाही हो. उलटा धरलाय.


शनिवार, २२ नोव्हेंबर

घणसोलीला गेले होते. वाईट दिवस.

शिवराम दुपारी गेमवर होते. मी मागे वेताच्या मोड्यावर बसले. डबा उचलला, तो जिला टांगतात ती वरची ट्रॉली पुढे नेली, डबा झुलायला लागला. झुला थांबवायची त्यांची रीत त्यांनी मला सुरुवातीलाच सांगितली होती. डबा पुढे झुलला की मागे ओढायचं नाही, त्याच्या पाठोपाठ जायचं, त्याच्या डोक्यावर जाऊन थांबायचं. "रुसलेल्या माणसासारखं," असं म्हणाले होते. पण आज ते डोक्यावर पोचेपर्यंत डबा परत फिरलेला असायचा. खाली ठेवताना ट्रकच्या कडेला धडक. पुन्हा धडक. वीसपैकी नऊ धडकले.

त्यांनी डावी जॉयस्टिक टेबलावर आडवी केली.

"हात गेला," म्हणाले. "मी आत्ता म्हणतो आणि तो मागून येतो. अर्ध्या सेकंदाने. माझंच मला दिसतंय."

क्रांती म्हणाली, "बाबा, प्रॅक्टिसने होईल ना."

"प्रॅक्टिस, पोरी, हाताला देतात, मेलेल्या नसेला नाही. गेटवर बसतो. सावली असते तिथं."

चांगुणाबाईंनी उठून टीव्ही बंद केला.

येताना वाटत होतं, हे मी काय सुरू करून दिलं? मशीन आलं नसतं तर त्यांना निदान आशा तरी राहिली असती.


रविवार, २३ नोव्हेंबर

दुपारी विलास मॅच बघत होता. आमच्याकडे इंटरनेटवर लागते, शेजारच्या राजलक्ष्मींकडे केबलवर. भिंतीपलीकडून आरडाओरडा आला – विकेट! आमच्या टीव्हीवर बोलर अजून धावत होता.

"या बाईमुळे मला सगळं आधीच कळतं," विलास करवादला. "आपली मॅच शिळी."

मी हातातली कोथिंबीर टाकून उठले.

चित्र उशिरा येतंय! कारण इथे वेगळं असेल, पण घणसोलीत कॉम्प्युटर मॉनिटरला नाही, टीव्हीला जोडलाय. टीव्ही चित्र सुंदर करायच्या नादात प्रत्येक चित्रावर काहीतरी प्रक्रिया करत बसतो. सिनेमा बघताना कळतही नाही. पण हाताने चालवायच्या गोष्टीत? हात वेळेवर असला तरी डोळ्याला तो उशिरा दिसणार! हे मी स्वतः सदरात लिहिलंय, दोनदा. आणि काल मोड्यावर बसून मी त्या माणसाचा हात बघत राहिले, टीव्हीकडे बघितलंच नाही. आजारी माणूस दिसला की आपण मशीनवर संशय घेत नाही.

क्रांतीला फोन. "टीव्हीचा रिमोट घे. सेटिंग. पिक्चर. त्यात 'गेम मोड' आहे का बघ."

"आहे. ऑफ आहे."

"ऑन कर. आता बाबांना बसव."

"बसणार नाहीत ते. कालपासून तिकडे बघतही नाहीयेत."

"फोन स्पीकरवर टाक." टाकला. मी म्हटलं, "शिवरामभाऊ, पाच डबे. फक्त पाच. मग तुम्ही गेट म्हणा, मी हो म्हणेन."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग नुसती गेममधली घरघर. विलासने मॅचचा आवाज बंद केला होता.

पहिल्या डब्याला काही नाही. दुसरा. तिसरा. मग शिवरामचा आवाज, अगदी हळू –

"अरे, हा तर माझाच हात आहे."

चांगुणाबाई मागून – "मंग काल काय शेजाऱ्याचा हुता?"

आणि हसतानाच त्यांचा आवाज फुटला. मी फोन ठेवला. कोथिंबीर पुन्हा निवडली, निवडलेलीच.


मंगळवार, २५ नोव्हेंबर

वीसपैकी चारच 'टेकले', म्हणजे धडकले.


गुरुवार, २७ नोव्हेंबर

वीसपैकी तीन. क्रांती रोज रात्री आकडा पाठवते, फक्त आकडा. मी पावती म्हणून अंगठा पाठवते. विलास विचारतो, "आज काय भाव?"


शनिवार, २९ नोव्हेंबर

पुन्हा घणसोली. चांगुणाबाईंनी ज्वारीची भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी केली होती. भाकऱ्या नव्या दुरडीत. जुनी आता कॉम्प्युटरची झाली, परत मागायची नाही म्हणाल्या.

शिवराम वेगळेच दिसले. दाढी केलेली, यार्डाचा निळा शर्ट घातलेला. घरात! "हा घातला की हाताला कळतं," म्हणाले. खेळताना ते मधूनच ओठांतल्या ओठांत बोलतात – हळू, हळू, ये, ये, बस. डबा बसला की मान हलवतात.

परीक्षेचे नियम त्यांनी मला नीट सांगितले. वीस डबे, पाऊण तास. डबा कशालाही धडकला की 'टेकला'. तीन टेकले तरी पास. चौथा टेकला की घरी.

आज दोन टेकले. दोन्ही वेळा डाव्या हाताने. म्हणजे पास! क्रांती नाचलीच.

ते मात्र जॉयस्टिककडे बघत होते. मग मला म्हणाले, "मॅडम, तो टीव्हीचा उशीर होता ना. आता किती राहिला?"

"जवळजवळ नाहीच. डोळ्याला कळणार नाही इतका."

"आणि यार्डातल्या सिम्युलेटरला?"

"त्याला तर मुळीच नसणार. तो या कामासाठीच केलेला असतो."

"बरं," म्हणाले. भाकरी मोडली. थोड्या वेळाने पुन्हा – "बरं."

मला वाटलं, धीर आला असणार.


मंगळवार, २ डिसेंबर

एकाच दिवसात तीन वाचकांचा एकच प्रश्न – मुलाला गेमपासून कसं तोडू? नेहमीचं उत्तर लिहायला बसले आणि थांबले. त्रेपन्न वर्षांचा माणूस डोळ्यांपुढे आला, निळा शर्ट घालून बसलेला. 'आधी शेजारी बसून बघा, तो नेमकं काय करतोय,' असं पहिलं वाक्य झालं. बाकीचं आपोआप आलं. अडीचशे शब्द सांगितले होते, अडीचशेच.


शनिवार, ६ डिसेंबर

आज ते तिघं दादरला, चैत्यभूमीवर. आकडा नाही. सकाळी मेसेज आला – "बाबा रांगेत उभे आहेत, स्वतःच्या पायावर, तीन तास झाले."


मंगळवार, ९ डिसेंबर

कालचा आकडा दोन. आजचा दोन. परवाचाही दोनच होता.

क्रांती म्हणाली, "मॅडम, दोनच्या खाली येतच नाही. पण दोन चालतं ना?"

म्हटलं, चालतं. तीनपर्यंत चालतं.

अभिरामचा फोन होता. गुरुवारचा मजकूर बुधवारीच हवाय. चौदा वर्षांत पहिल्यांदा म्हणाले, "नाही जमणार. बुधवारी माझी परीक्षा आहे." तो गोंधळला. गोंधळू दे.


बुधवार, १० डिसेंबर

परीक्षा अकराला. मी पावणेअकरापासून फोन समोर ठेवून बसले. साडेअकरा. बारा. सव्वाबारा. विलासने चहा केला, स्वतःहून. म्हणजे त्यालाही धाकधूक होती.

साडेबाराला क्रांती. आधी नुसतं रडणं. मग – "पास! मॅडम, पास! दोनच टेकले. साहेब म्हणाले, आजारपणानंतर एवढ्या लवकर कुणीच करत नाही. विचारत होते, प्रॅक्टिस कुठे केली? बाबांनी सांगितलं, घरी, भाकरीच्या टोपलीखाली. सगळे हसले!"

मागे चांगुणाबाई कुणाला तरी सांगत होत्या, पेढे नकोत, जिलेबी आणा, गरम आणा.

सोमवारपासून वर. केबिनमध्ये.

मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. सीवूड्सचा मॉल, पलीकडे खाडी. दुपारचं ऊन. सगळं जसंच्या तसं होतं आणि मला मात्र कुणाला तरी मिठी मारावीशी वाटत होती. विलासला मारली. तो म्हणाला, "जाहिरात गेली का पानावरून?"


गुरुवार, ११ डिसेंबर

मजकूर वेळेत दिला. तीन वाजता. अभिराम म्हणाला, "मॅडम, आज जागा आहे. वाढवा हवं तर." वाढवला नाही.


शुक्रवार, १२ डिसेंबर

क्रांतीचा फोन, संध्याकाळी. आवाज बसलेला.

शिवराम आज एकटेच यार्डात गेले आणि लिहून देऊन आले – मला वर पाठवू नका. क्रेन शिकायला नव्या मुलींची बॅच येतेय, त्यांना सिम्युलेटरवर शिकवू द्या, नाहीतर गेट द्या. साहेब म्हणाले, अहो, तुम्ही पास आहात! सोमवारी पुन्हा बोलू म्हणाले.

चांगुणाबाई दुपारी त्यांच्यावर रागावल्या. तरी जेवायला त्यांनीच वाढलं.

मी म्हटलं, बाबांना फोन दे. काय विचारणार होते कोण जाणे. त्यांनीच सांगितलं, शांतपणे, हिशोब समजावल्यासारखं.

"मॅडम, दोन टेकले. परीक्षेत तीन चालतात. यार्डात खाली माणसं असतात."